फाटकावरचा भोंगा

माझ्या पायगाडीला आधी साधी घंटी होती. अंगठ्यानं खटका दाबला की टिंग करायची. आमच्या देवघरातली घंटासुद्धा तिच्याहून मोठ्यानं बोलायची. ती काढून मी तिथं भोंगा बसवला. त्या भोंग्यापायी माझी धाकटी बहीण गेली. एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहिल्यावर पाहतो तर तेही पुरतं खरं नाही. भोंगा काही आपोआप वाजत नाही. तो मी वाजवला.

ठाण्यात गाठीच्या तापाचा, म्हणजे प्लेगचा, दुसरा हिवाळा चालू होता. मी कचेरीत साधा कारकून. अक्षर चांगलं आणि तोंड मिटलेलं, म्हणून मला साथीच्या कामावर दिलं. एक गोरा डॉक्टर, चार शिपाई आणि घरांची वही घेतलेला मी, अशी आमची तपासणीची टोळी. हा डॉक्टर, म्हणजे आमचा साहेब, तांग्यातून यायचा. मी त्याच्यापुढे पायगाडीवरून. ती गाडीही त्याचीच, जुनी झाली म्हणून मला दिलेली. पहिल्या आठवड्यात तळ्याकाठच्या रस्त्यावर तीनदा पडलो, तेव्हा भाजीवाल्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर त्या हसेनाशा झाल्या. पायगाडी दिसली की मागोमाग साहेब, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

घरातली माणसं अंगणात ओळीनं उभी करायची, काखा चाचपायच्या, डोळे बघायचे. अंग तापलेलं असलं की छावणीत. गाठ असो नसो, आधी छावणी, मग बघू. घराची कौलं उतरवायची, भिंतींना चुना, अंथरुणं जाळायची. छावणीतून माणूस परत येत नाही असं लोक म्हणत. काही परत येत, हे मला ठाऊक होतं, कारण नावं मीच लिहीत होतो. पण मी ते कुणाला सांगत नव्हतो, आणि सांगितलं असतं तरी माझ्यावर विश्वास कुणी ठेवला असता?

बहीण रुळांपलीकडे कोपरीत दिली होती. तिचे यजमान शाळामास्तर. घरात ती दोघंच, आणि कुंपणापलीकडे मिठागरावर काम करणाऱ्या एका आगरी म्हातारीचं घर. ही म्हातारी बहिणीला लेकीसारखी मानायची. रुळांवरचं फाटक ओलांडलं की कोपरी सुरू होई. मी काय करायचो, तर फाटकातून आत शिरताना उगाच दोन-तीनदा घंटी वाजवायचो. साहेबाचा तांगा मागं चार-पाच मिनिटांच्या अंतरावर असायचा. तेवढ्यात ज्याच्या घरी ताप असेल त्यानं माणसाला परसात न्यावं, पेंढ्याच्या उडवीमागं निजवावं. कुणी कुणाशी हे ठरवून बोललं नव्हतं, आपोआप रुळलं होतं.

एका संध्याकाळी बहीण मला चहा देताना म्हणाली, "दादा, तुझी घंटी फाटकाजवळच्या वडाच्या पुढे येत नाही रे."

"मग मी काय करू?"

"काल गल्लीच्या टोकाच्या घरातून त्या लेकुरवाळीला नेलं. तिला उठून बसायलासुद्धा वेळ मिळाला नाही. अरे, वाराच उलटा होता."

"मी सरकारी माणूस आहे. नियम मोडू म्हणतेस?"

"नियम नको मोडूस," ती म्हणाली. "घंटी मोठी कर."

भाऊजी आतून हसले. "बघा दादा, बायकोला वकील केलं असतं तर माझ्यावर नोकरी करायची वेळच आली नसती."

मी हसलो नाही. पण रात्रभर तिचं वाक्य डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबाला म्हटलं, बैलगाड्या घंटीला जुमानत नाहीत, वाटेत आडव्या उभ्या राहतात, काहीतरी मोठा आवाज हवा. साहेबाला पटलं. कचेरीतल्या एकानं मुंबईहून रबरी फुग्याचा छोटा भोंगा आणून दिला. दाबला तर बदक चिरडल्यासारखा ओरडला. कोपरीतली पोरं दोन दिवस माझ्यामागं तोच आवाज काढत पळत होती. त्यानं काम भागणार नव्हतं.

मग मी कल्याणला गेलो. तिथं पारनाक्याजवळ बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याच्यापुढे भोंगा ठेवला. त्यानं तो उघडला, आतली पितळेची बारीक जीभ नखानं छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"ही कसली जीभ? ही तर चुगलखोर सुनेची."

त्यानं एका मोडलेल्या पेटीतून खालच्या सुराची लांब जीभ काढली, कानसीनं घासून पातळ केली, पुन्हा पुन्हा फुंकून पाहिली. "हा खर्ज आहे कारकूनसाहेब. पेटीत बसला की गवयाला झोप येते. तुमच्याकडे बसला की बैल उठेल." शेजारच्या तांबटाकडून पितळेचं हातभर लांब नरसाळं करून घेतलं, तोंडाशी चांगलं थाळीएवढं पसरट. फुगा मात्र लहान पडत होता. तो मी पुढच्या खेपेला आमच्याच कामावरच्या औषध फवारायच्या मोडक्या यंत्राचा आणला, नारळाएवढा. सगळं जोडून त्यानं दोन्ही हातांनी फुगा दाबला, तेव्हा समोरच्या दुकानातला माणूस माप टाकून बाहेर आला.

मला तेव्हा आनंद झाला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या बुद्धीनं काहीतरी मोठं केलंय असं वाटत होतं.

फाटकावर उभं राहून दाबला की आवाज कोपरीच्या शेवटच्या घरावरून जाऊन खाडीच्या बांधावर पोहोचायचा. साहेबानं स्वतः दोनदा दाबून पाहिला आणि "अच्चा, बहुत अच्चा" म्हणाला. म्हातारीनं मला कुंपणावरूनच गाठलं.

"काय रं कारकुना, तुजा भोंगा म्हंजे अडलेली म्हस वरडते जनू!"

"ऐकू येतो ना पण?"

"येतो तं! पार मिठागरान येतो."

आता वेळ मिळू लागला. मीही जरा लवकर वाजवू लागलो, फाटकाच्या अलीकडूनच. मग लोक आजाऱ्याला परसात ठेवीनासे झाले, कारण परसातलं माणूस कधी खोकायचं आणि सापडायचं. त्याला घोंगडीच्या झोळीत घालून दोघंजण बांधावरून मिठागरात नेत. तिथं मीठ राखायच्या खोपट्या विखुरलेल्या होत्या. म्हातारी बांधाच्या तोंडाशी उभी राही. साहेबाचा तांगा परत फाटकापार गेला की पदर हलवून खूण करी, मग माणसं परत येत. हे मला बहिणीनं सांगितलं. कोणत्या खोपटीत नेतात ते ती सांगू लागली, तेव्हा मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, "ते मला सांगू नकोस. साहेबानं विचारलं तर खोटं बोलायला नको." मला स्वतःला स्वच्छ ठेवायचं होतं. भोंगा वाजवून आणि वरून स्वच्छ.

फाल्गुन संपत आला तेव्हा बहिणीला ताप आला. शनिवारी संध्याकाळी मी गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. भाऊजी पाण्याची पट्टी ठेवत होते.

"गाठ नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी पाहिलंय. कुठंच नाही. हिवतापच असेल, नाही का?"

"असेल."

"पण साहेब विचारणार नाही ना ते."

बहिणीनं मान वळवली. ओठ सुकून फाटले होते. "दादा, मला छावणीत नको रे लिहूस." मी म्हटलं, नाही लिहिणार. वही माझ्याच हातात आहे.

कल्याणला आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. ते तपासतील आणि कुठं बोलणार नाहीत, एवढी खात्री होती. रविवारी साहेब तपासणीला सहसा निघत नसे. पहाटेच्या गाडीनं मी कल्याणला गेलो. डॉक्टर मिळाले, यायला तयार झाले. पण कल्याणच्या फलाटावर उतारूंच्या नाड्या तपासत होते, आणि एकेक माणूस पुढं सरकायला इतका वेळ लागत होता की मी रांगेतून बाहेर पडून दोनदा विनवण्या केल्या. तिसऱ्यांदा शिपायानं दंडुक्यानंच जागा दाखवली. गाडी डोंबिवलीच्या माळावर उगाच थांबून राहिली. डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते. मी बाहेर उडणारी धूळ बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हो पुढं, हो पुढं. ठाण्याला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

डॉक्टरांना तांग्यात बसवलं. माझी पायगाडी पहाटे स्टेशनाजवळ ओळखीच्या दुकानात ठेवली होती. ती घेतली आणि पुढं निघालो. फाटकाशी आलो तर पेंढ्याच्या चार गाड्या एकामागं एक अडकलेल्या. पुढच्या गाडीचं चाक रुळाशेजारच्या खड्ड्यात गेलेलं आणि गाडीवान सावलीला बसून तंबाखू मळत होता.

"अरे, बाजूला घे! डॉक्टर आहेत, आजारी माणूस आहे!"

"घेतो की. बैल दमलेत जरा."

"घे म्हणतो ना!"

"घेतो म्हणतो ना मीबी!"

मागून डॉक्टर म्हणाले, "वाजवा की तुमचा तो भोंगा. इतका मोठा कशाला लावलाय?"

इथं मला थांबून नीट लिहिलं पाहिजे. मी आजवर स्वतःला सांगत आलो की घाईत सुचलं नाही, हात आपसूक गेला. तसं नाही. हात फुग्यावर ठेवला तेव्हा मला आठवलं होतं. कोपरीत हा ऐकू जाईल, हे मला कळलं होतं. एका क्षणात मी स्वतःशी वाद घातला की आज रविवार आहे, आज साहेब येत नाही हे त्यांना ठाऊक आहे, मी कल्याणला गेलोय हेही ठाऊक आहे. आणि त्याच क्षणात हेही आठवलं की दहा दिवसांपूर्वी मीच भाऊजींना बजावलं होतं, साहेब लहरी आहे, वार पाळत नाही, भोंगा ऐकला की विचार करत बसू नका. उतरून गाडीला खांदा लावला असता, पायी पळत गेलो असतो, तरी चाललं असतं. पण गाडीवान ढिम्म बसला होता आणि माझ्या हातात नारळाएवढा फुगा होता. मी दाबला. एकदा नाही. बैल बिचकून गाडी ओढेपर्यंत दाबत राहिलो. साहेबाला सांगितलेलं खोटं त्या दुपारी खरं झालं. भोंग्यानं बैलगाडी हलवली.

बहिणीच्या दाराशी पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि घर रिकामं. अंथरूण गुंडाळून खाटेखाली सारलेलं. चुलीवर पेजेचं पातेलं, अजून वाफ येत होती. पाण्याची घागर तिथंच, भरलेली.

डॉक्टर म्हणाले, "कुठं गेली माणसं?"

मी परसात धावलो, पेंढ्याची उडवी विस्कटली. शेजारी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. का देतील? मी वहीवाला माणूस. दाराच्या फटीतून डोळे दिसत आणि कडी लागायचा आवाज येई. एका घरापुढं मी हात जोडले, म्हटलं, माझी बहीण आहे हो, मी तपासणीला नाही आलो. आतून एक बाई म्हणाली, "आमच्या घरात कुणी आजारी नाही, साहेब." मला साहेब म्हणाली.

मग बांधाकडे पळालो. म्हातारी तोंडाशी नव्हती, ती पुढं आत गेली होती. मिठागरं किती मोठी असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चौकोनामागून चौकोन, सगळे पांढरे, त्यावरून ऊन परतून डोळ्यांत येत होतं. खोपट्या इकडं एक, तिकडं एक. कोणती, ते मी सांगू दिलं नव्हतं. हाका मारल्या, पण वारा खाडीकडून माझ्या तोंडावर येत होता. माझा आवाज माझ्याच मागं जात होता. पहिल्या खोपटीत फावडी. दुसरीत काही नाही. तिसरीपर्यंत जायला बांध वळसा घेत होता, म्हणून सरळ मिठाच्या खाचरातून निघालो तर पाय घोट्यापर्यंत रुतले, वहाणा तिथंच राहिल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. खोपट्या मोजायच्या सोडून मी नुसता देवाचं नाव घेत होतो, तेही धड येत नव्हतं.

म्हातारी दिसली ती दूरच्या बांधावर, गावाकडे डोळे लावून उभी. मी तिच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "तांगा दारान उबा हाय रं अजून! मंग मी पदर कसा हलवू?"

दारात उभा होता तो आमच्या डॉक्टरांचा तांगा.

खोपटीत भाऊजी बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बाजूला रिकामा तांब्या आडवा पडलेला. ती गेली होती. फार वेळ झाला नव्हता, हाताला अजून ऊब होती, पण त्या उन्हात ऊब कशालाही असते.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब गेला?"

मी म्हटलं, "गेला."

एवढाच शब्द. त्यावर ते घर, ते नातं आणि माझं पुढचं आयुष्य उभं आहे. त्यांनी मान हलवली आणि सांगू लागले, सांगतच राहिले. भोंगा ऐकल्याबरोबर उचललं, हातात तांब्या तेवढा आला, घागर राहिली. तांब्या संपला. ती पाणी मागत होती. गोड पाणी गावातल्या विहिरीवर, आणि बांधावरून जाणारा माणूस तांग्यातून लांबवर दिसतो. "मी म्हटलं, थोडं थांब, साहेब जाऊ दे. पुन्हा मागितलं. म्हटलं, एवढ्यात जाईल बघ, आता जाईल."

डॉक्टरांनी संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ नव्हती. "नुसता ताप. पोटात पाणी गेलं असतं तर," म्हणाले, आणि माझा चेहरा बघून पुढं बोलले नाहीत. भोंग्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. गाडीवानालाही नव्हता. ठाऊक होतं ते मला एकट्याला.

तेराव्यानंतर मी भोंगा काढायला बसलो. पान्यानं त्याचा नट सैल केला, तेवढ्यात भाऊजी गल्लीतल्या दोघांना घेऊन आले. "दादा, काढू नका. तिचं राहू द्या, बाकीच्यांचं बघा. तुम्ही वाजवलात म्हणून ती छावणीत परक्या माणसांत मेली नाही. माझ्या मांडीवर गेली. हे मी विसरणार नाही." आणि त्या शाळामास्तरानं, माझ्याहून लहान असला तरी नात्यानं मानाचा माणूस, माझ्या पायांना हात लावला.

साथ उतरेपर्यंत मी तो भोंगा फाटकावर वाजवत होतो. प्रत्येक वेळी. साहेबाची बदली झाल्यावर पायगाडी कचेरीत परत दिली आणि भोंगा काढून माळ्यावर टाकला. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही. दर वर्षी तिच्या तिथीला ते मला जेवायला बोलावतात, पहिलं पान माझं मांडतात, आणि जेवताना कधीतरी तेच बोलतात, तुम्ही वाजवलात म्हणून. मी मान खाली घालून भात कालवतो. त्यांना वाटतं, मला रडू येतंय.

सांगायचं कितीदा ठरवलं. पण सांगितलं तर माझं ओझं उतरणार आणि त्यांचं सुरू होणार, हे मला दिसत होतं. गप्प राहण्याला मी दया म्हणत होतो. खरं तर मला ते पहिलं पान सोडवत नव्हतं.

या वर्षी जेवणं झाल्यावर आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. म्हातारी वारली, तिचं कुंपण आता पडलं आहे. भाऊजी सुपारी कातरत होते. डोकं पार पांढरं झालेलं. ते पुन्हा म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून..."

"भाऊजी, त्या दिवशी साहेब आला नव्हता."

त्यांचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. पेंढ्याच्या गाड्या, डॉक्टरांचा तांगा, फुग्यावर हात ठेवताना मला काय आठवलं होतं तेही. काही वगळलं नाही. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं, असं फार वाटत होतं. ते अंगणाकडे बघत होते. मग अगदी साध्या आवाजात, शाळेत मुलाच्या गणितातली चूक दाखवावी तसं म्हणाले,

"म्हणजे मला पाणी आणायला जाता आलं असतं."

"हो."

त्यांनी अडकित्ता पायरीवर ठेवला आणि उठून परसामागच्या गावविहिरीवर गेले. रहाट वाजू लागला. कळशी भरली, ती त्यांनी कडेला ठेवली नाही, तिथंच ओतली आणि पुन्हा आत सोडली. मी उठून दोर धरायला गेलो.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. मागं न बघता.